सतरा ळ

सावद्याला, बंद पडलेल्या तेलघाण्याच्या मागे,
दर शुक्रवारी 'खळे' निघायचं.
चार पानं, पंधरा पैसे.
नावाचा ठसा सागाचा, सुताराकडून कोरून घेतलेला,
म्हणून नावापुरता तरी ळ
कधी कमी पडला नाही.

बाकी ळ सतराच होते.
फाउंड्रीवाल्यानं पुण्याच्या हिशेबानं पाठवलेले.
त्याला काय माहीत,
इथे केळी बागेत, वखारीत, वाघिणीत,
कोर्टात, लग्नाच्या मांडवाला,
आणि भाव छापायला बसलं की
पहिल्याच कॉलमात खण रिकामा.

गुलशेर तडवी खिळे जुळवायचा.
सातपुड्याच्या पायथ्याचा, शाळा दुसरीपर्यंत.
अक्षरं त्याला उलटीच ओळखू यायची;
दुकानाच्या सुलट्या पाटीपुढे अडखळायचा.
एकदा फैजपूरच्या लग्नपत्रिकावाल्याकडे
सायकलवर गेला, चार ळ उधार मागायला.
त्यानं दोन दिले. तेही तुटके.

लोटन झोपे संपादक, वार्ताहर, वसुलीवाला.
वर्गणी कुणी घडानं द्यायचं, कुणी बामणोदच्या वांग्यांनी,
नोंद मात्र रुपयांत, मागील बाकीसकट.
एकदा त्यांनी चिनावलच्या सुपडू भारंब्यांना
जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली.
सुपडू स्वतः ऑफिसात आले, टोपी काढून बसले,
म्हणाले, चांगलं लिहिलं आहेस,
दहा अंक दे. पैसे पुढच्या शुक्रवारी.

मग त्या मे महिन्यातलं वादळ.
अर्ध्या तासात बागा आडव्या,
कापणीला दोन आठवडे राहिलेले घड मातीत.
लोटनदादा सायकल ढकलत फिरून आले,
चिखलाच्या पायांनी उभ्यानंच मथळा सांगितला:
वादळात केळी कोसळली.
तीन शब्द, तीन ळ.
खाली गावं, गट नंबर, खोडांचे आकडे,
पंचनाम्याला न आलेल्या तलाठ्याचं नाव,
आणि केळी, केळी, केळी.

रात्री दोनला गुलशेरनं
रिकाम्या खणात बोट फिरवलं.
य भरपूर होते.

प्रूफवर लोटनदादांनी लाल पेन्सिल टेकवली.
केयी. वादयात. डोयासमोर.
ओठ हलत होते, आवाज नव्हता;
मग आवाज आला, आणि तो त्यांच्या आईचा होता.
पेन्सिल कानावर गेली.
"छाप," म्हणाले.

मी घड्या घालायला होतो, आठ आणे रोज.
सांगतो: नऊशे अंक गेले,
निंभोऱ्यापासून खिरोद्यापर्यंत
कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.
पारावर वाचून दाखवणाऱ्यानं
पहिल्यांदाच जीभ न वळवता वाचलं.

पुण्याहून एक कार्ड आलं तेवढं,
निवृत्त मास्तरांचं, शुद्धलेखनाबद्दल, हिरव्या शाईत.
ते आम्ही जसंच्या तसं छापलं.
त्यासाठी ळ आठवडाभर जपून ठेवले होते.

पुढे ऑफसेट आलं, जळगावहून रंगीत पानं,
तालुक्याला अर्धं पान, गावाला दोन ओळी.
ट्रेडल भुसावळच्या भंगारात गेलं.
शिसं घेतलं हतनूरच्या कोळ्यांनी,
वितळवून जाळ्यांना गोळ्या केल्या.
काने, वेलांट्या, झिजलेले य,
सगळं आता संध्याकाळी तापीत बुडतं,
सकाळी माशांसकट वर येतं.

भाव फोनवर येतो. नुसता आकडा.
फोनमध्ये ळ संपत नाही;
मीच कधी कधी लिहीत नाही.

परवा वर्गणीची वही उघडली.
सुपडू भारंबे, दहा अंक, बाकी दीड रुपया,
आणि त्याच पानात त्यांचं कार्ड,
'खळे' बंद झाल्यावर तिसऱ्या महिन्यातलं,
पत्त्यापेक्षा मजकूर छोटा:
अंक मियाला नही.