वरच्या अंगाला

आई, इथून तुझ्यापर्यंत
रस्त्याने गेलं तर अडीच तास.
नदीने किती, ते आता कळलंय:
सोमवारी आम्ही नवा खड्डा फोडला
आणि गुरुवारी तुझा फोन.
"ओशुनला बरं नाही रे,
दूध जास्त झालेल्या चहासारखी दिसतेय."

मी म्हटलं, वर कुठे पाऊस झाला असेल.

पंप तेव्हा माझ्याच हाताखाली धडधडत होता.
कसला आवाज, विचारलंस.
लग्न आहे शेजारी, म्हटलं.

नाव तू ठेवलंस ओमितोनादे,
पाण्याच्या वाटेने आलेला.
सात वर्षं तुझी कूस उजवली नव्हती.
मग ओशुनयेमी पुजारणीने
तुंब्यातलं ओंजळभर पाणी पाजलं,
काठावर, उभ्याउभ्या,
आणि पुढच्या सणाला मी तुझ्या पाठीवर बांधलेला.
ज्याला त्याला सांगायचीस:
माझा नव्हे हा. हिचा.

इथे नाव कोणी विचारत नाही. मला पंप म्हणतात.
मांडीभर पाण्यात उभं राहायचं,
काठ सोलून काढायचा,
गाळ चाळायचा, चाळतच राहायचा,
आणि तळाला जी काळी रेती उरते
तिच्यात पारा सोडायचा.
पारा भलता शहाणा. बाकी सगळं सोडतो,
सोनं तेवढं कवटाळतो.
मग तो आम्ही डब्यात तापवतो
आणि डबा
कुठे खंगाळतो, ते विचारू नकोस.

दिवसाकाठी तांदळाच्या कणीएवढं. त्यातलं अर्धं मालकाचं.

पहिल्या कमाईतून पितळी कंगवा पाठवला होता,
तुझ्या पांढऱ्या केसांसाठी.
तू नेऊन तिलाच वाहिलास.
मला वाईट वाटलं नाही.
खोटं. थोडं वाटलं.

काल पुन्हा बोललीस.
देवराईच्या तोंडाशी पाटी लागलीय:
पाणी पिऊ नये.
बायका पाटी वाचतात, मग पितात.
तू प्यायलीस का, हे विचारायला
माझी जीभ उचलली नाही.

तूच सांगत होतीस, हसत,
दुकानातून पाण्याच्या वीस पिशव्या आणल्या,
दातांनी कोपरे फोडले
आणि एकेक करून
पायरीवर बसून नदीला पाजल्या.
"घसा सुकला होता रे तिचा."

वीस पिशव्या? पैसे कुठले, आई?

"अरे, असं काय करतोस.
तूच नाही का पाठवलेस."