मीटर वाचणारा

सव्वीस वर्षं मी केटरिंगच्या घराघरांतले मीटर वाचले.
जिन्याखाली, कोळशाच्या कोठीत,
एकदा तर कुत्रीच्या टोपलीमागे, पिल्लं डोळे मिटून असताना.
टॉर्च दातांत धरायचा, आकडा लिहायचा,
पाय पुसत बाहेर पडायचं.
पोंक्षे त्यांच्या जिभेला पेलेना, म्हणून मी पॉन्की झालो.
हट्ट धरला नाही. गॅस सगळ्यांचा सारखाच जळायचा.

आता मीटर स्वतःच स्वतःला वाचतो.
ओट्यावर एक चिमुकला पडदा बसवून गेलेत,
किटली लावली की तो लाल होतो,
जसा काही चहा पिताना मी रंगेहाथ सापडलो.
जूनमध्ये त्यानं सांगितलं,
मी एका दिवसात चारशे अकरा पौंडांचा गॅस जाळला.
फोन केला. बाई फार गोड बोलली.
बाई नव्हतीच ती.
"समजलं," म्हणाली, "तुम्हाला नवीन जोडणी हवी आहे."

गुरुवारी आम्ही लाँड्रेटमध्ये बसतो.
नाणी घेणारं एकच मशीन उरलंय, तिथे रांग असते.
बाकावर कुणीतरी टाकून गेलेला पेपर:
दोन वर्षांत यंत्र माणसापेक्षा हुशार होणार.
"दोन वर्षांत," टेरेन्स म्हणाला. तो बुटांच्या कारखान्यातला, शेवटच्या तुकडीतला.
"आमचा पूलही दोनच वर्षांत व्हायचा होता."
ग्लेनिसनं चष्मा वर सरकवला:
"कुणापेक्षा हुशार ते लिहिलंय का?
आमच्या नगरसेवकापेक्षा असेल, तर त्यात बातमी कसली?"

बायपासपलीकडच्या शेतात डेटा सेंटर येणार आहे.
मंत्री येऊन गेले, डोक्यावर कोरं हेल्मेट,
किमतीचं स्टिकर तसंच.
तीन हजार नोकऱ्या, म्हणाले.
टेरेन्सनं बोटांवर मोजल्या,
कुंपण, कॅमेरे, फाटकावरचा माणूस,
आणि दुसऱ्या हातावर जावंच लागलं नाही.

बोगदान कधी बोलत नाही. पार्सलं पोचवतो.
त्याचा फोन थरथरला, त्यानं पाहिलं, आणि निघाला.
ड्रम अजून फिरतच होता.
एकदा त्या फोननं त्याला कालव्यातून सरळ जायला सांगितलं होतं,
आणि वळसा घातला म्हणून पैसे कापले होते.
त्याचे ओले शर्ट ग्लेनिसनं ड्रायरमध्ये टाकले,
स्वतःची नाणी घालून.
यावर कुणीच काही मत दिलं नाही.

मीही काही मोठा द्रष्टा नव्हे.
मोबाइल चार दिवसांचं खूळ आहे, असं मीच छातीठोक सांगितलं होतं.
आज दर रविवारी सांगलीतल्या भावाचा चेहरा त्याच खुळात पाहतो,
त्याचे पडलेले दात मोजतो.
चुका तर माझ्याही झाल्या.
एक्क्याण्णव साली एका बाईंच्या मीटरवरचा एक मी सात वाचला.
बिल मुठीत घेऊन त्या ऑफिसात आल्या,
सगळ्यांसमोर मला उभं केलं.
मी टोपी काढली, त्यांच्यासोबत चालत गेलो,
गुडघे टेकून पुन्हा वाचला.
मग त्यांनी बिस्किटं काढली. शिव्याही चालूच होत्या.
तेवढंच विचारायचं होतं मला त्या गोड बाईला:
टोपी कोण काढणार?

हल्ली दर एक तारखेला मी जिन्याखाली वाकतो,
आकडा कॅलेंडरवर लिहितो, पेन्सिलीनं.
मग पडद्याशी ताडून पाहतो.
या महिन्यात दोन्ही जुळले. शेवटच्या अंकापर्यंत.

बरं वाटायला हवं होतं.
मी टॉर्च परत दातांत धरला.