अडीच तारे

वडगावात, विणकरांच्या गल्लीत,
खाली चार मागांची खटखट,
वर आम्ही. दोन खोल्या, एक स्लॅब,
आणि स्लॅबवर अख्खा उन्हाळा.

दुपारी तीनला भिंतीला पाठ टेकली
की पोळपाटावरनं तव्यावर गेल्यासारखं होतं.
पिको-फॉलचं मशीन माझं, मोटरवरचं.
पंखा लावला की काठ उडतो,
बंद केला की घाम पडतो
लोकांच्या शालूवर.
मी पंखा तीनवर ठेवते
आणि काठ गुडघ्याखाली दाबून शिवते.

मीटर मालकिणीच्या नावाचं.
आमचा पोटमीटर जिन्याखाली, चपलांच्या वर.
पाच तारखेला नीलव्वा टॉर्च घेऊन वाकते,
आकडा कन्नडात पुटपुटते,
मराठीत सांगते,
पैसे ज्या भाषेत घेते तिला नाव नाही.

फेब्रुवारीत कॉलेजची पोरं आली.
घरांना तारे द्यायचे म्हणे,
फ्रीजवर असतात तसे.
विनुता नावाच्या पोरीकडं पिस्तुलासारखा थर्मामीटर.
तिनं भिंतीवर नेम धरला, छतावर धरला,
खिडकी मोजली.
ती एकच, तीही मागाच्या पत्र्याकडं उघडणारी.
"आंटी, एक तारा,"
माझा पोरगा नापास झाल्यासारखं म्हणाली.
शेजारी जिन्नाप्पाच्या घराला साडेतीन.
खानापुरी कौलं, मातीची भिंत.
त्याच्याकडं फ्रीजसुद्धा नाही.

मी विचारलं, एका ताऱ्याला भाडं किती बसतं?
पोरं कागद चाळत राहिली.
असा रकानाच नव्हता.

चार हजार दोनशे आमचे,
जिन्नाप्पाच्या भाडेकरूचेही तेवढेच.
त्याचं वीजबिल दोनशेच्या आत,
आमचं हजाराला टेकलेलं.
उन्हाचं भाडं आम्ही वेगळं भरत होतो,
पावतीशिवाय.

मार्चातल्या एका रविवारी मष्णूनं चुना आणला.
फौंड्रीतनं सुट्टी, अंगात तरीही भट्टी.
चुन्यात फेविकॉल कालवलं, खराटा घेतला,
तीन हात दिले. बादल्या मी चढवल्या.
नीलव्वा खालनं ओरडली, "काय करूलालाय वर?"
"काय नाही अक्का," मष्णू म्हणाला, "ऊन पुसूलालोय."

आणि खरंच, दुपारी तीनला
भिंत परत भिंत झाली.
पंखा दोनवर आला.
पोटमीटरचं चाक जरा दम खाऊन फिरायला लागलं.

मेमध्ये पोरं पुन्हा आली.
"आंटी, अडीच!" विनुतानं टाळी वाजवली,
जिन्यात कागद चिकटवला.
नीलव्वानं चष्मा लावून बोटानं तारे मोजले.
अर्ध्या ताऱ्यावर बोट बराच वेळ थांबलं.

पाच तारखेला ती वाकलीच नाही.
"जूनपासनं सातशे जास्त. थंड घर झालंय की आता."
"अक्का, चुना आमचा."
"छत कुणाचं?"
खाली माग चालू होते,
म्हणून दोघी गप्प होतो असं दोघींना वाटलं.

त्या रात्री आम्ही गच्चीवर झोपलो.
सकाळी जिन्यावर पांढरी पावलं,
माझी लहान, मष्णूची फताडी,
नीलव्वाच्या उंबऱ्यापर्यंत गेलेली.
तिनं फरशी दोनदा पुसली.
तिसऱ्यांदा मला हाक मारली.

मी चुन्याची पावती घेऊनच उतरले.
अकराशे चाळीस. मजुरी धरलेली नाही.
ताऱ्यांच्या कागदाशेजारी ती चिकटवली
आणि म्हटलं, पावसात हा चुना धुऊन जाणार,
वाढलेलं भाडं धुऊन जाईल काय?

सातशेची तीनशे झाली.
जिंकले असं मी कुणाला सांगितलं नाही,
कारण तीनशे म्हणजे माझ्या बारा साड्यांचे फॉल.

पण दिवाळीनंतर छताला चुना कुणी लावायचा,
खर्च कुणाचा, खराटा कुणाचा,
ते वहीच्या पानावर लिहून घेतलं.
मजकूर मराठीत, माझ्या अक्षरात.
खाली तिची सही, कन्नडात,
गोल गोल, जराशी थरथरलेली.
पान पोटमीटरजवळ आहे, चपलांच्या वर.
येता जाता दिसतं.