मुदत

पाचव्या दिवशी पहाटे चारला नळ वाजतो.
आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
इरव्वा कोरे गल्लीत बादली आपटत ओरडतात,
"पाणी आलंय, पिंपं रिकामी करा की!"
आणि कालपर्यंत तांब्या-तांब्याने जपलेलं
आम्ही मोरीत ओतून देतो.
खराब झालेलं नसतं ते.
नवं आलं म्हणून शिळं होतं.

माझं कामही हेच, फक्त एसीत.
साखर पेठेतली पतसंस्था, तिजोरीमागची खोली,
दोन सर्व्हर, एक स्टोरेज, बाहेर त्रेचाळीस डिग्री.
दर तासाला डेटाबेसचा स्नॅपशॉट:
क्षणभर श्वास रोखायचा, हिशेब आहे तसा धरायचा, सोडायचा.
तासाचे चोवीस ठेवायचे, रोजचे सात,
रविवारचे चार, महिन्याचे बारा.
बाकीचे रात्री दोनला स्क्रिप्ट पुसते.
संचालकांना मी भाकरीवर समजावलं:
मऊ भाकरी उद्यापर्यंत,
कडक भाकरी महिनाभर फडक्यात.
चेअरमन हसले. सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर.

एक गोष्ट ठरावात आली नाही.
काढतो तेव्हा स्नॅपशॉटला वजन नसतं.
तो प्रत नव्हेच,
नुसतं बोट ठेवणं, की हे असं होतं.
मग इकडे खाती हलतात, व्याज चढतं, कुणी पत्ता बदलतं,
आणि बदललेलं प्रत्येक जुनं पान
त्याच्या पदरात पडत जातं.
तो जागचा हलत नाही.
पुढे आपण जातो, जड तो होतो.

एप्रिलातल्या एका मंगळवारी नागनाथ चिलवेरी दारात,
चपला बाहेर काढून, देवळात यावं तसा.
"मॅडम, अंबादास सिरसिल्लांचं खातं.
वारसाचा रकाना कोराच दिसायलाय.
सोमवारी मीच भरलतो.
गुरुवारी पत्ता बदलताना माझ्याच हातनं गेलं काय की.
कागद मुख्य शाखेत सापडंना."
अंबादास त्याच शनिवारी गेले. काल दहावा झाला.
बालामणीबाई बाहेर बाकावर,
मांडीवर पासबुक, पासबुकावर दोन्ही हात.

मी बोटांवर मोजलं.
सोमवारी आलं, गुरुवारी गेलं,
मधे रविवार नाही.
रोजचे सात मागच्या बुधवारपाशी संपतात.
मला हवा होता त्याच्या आधीचा बुधवार.

तरी यादी उघडली.
यादी संपेना.
सात नाहीत, सव्वीस.
स्क्रिप्ट रोज रात्री दोनला जात होती
आणि पहिल्याच उंबऱ्यात ठेचकाळून परतत होती.
नागनाथला शिकवायला काढलेला एक क्लोन
जुन्या स्नॅपशॉटवर तसाच बसून होता,
आणि मी विसरले होते.
डिस्क चौऱ्याण्णव टक्के.
इशाऱ्याचे मेल त्या फोल्डरमध्ये, जो मी उघडत नाही.

बुधवार, रात्रीचे अकरा. फक्त वाचण्यापुरता जोडला.
एक ओळ.
वारस: बालामणी अंबादास सिरसिल्ला.
नातं: पत्नी. वाटा: शंभर टक्के.
नागनाथने ती दोनदा मोठ्याने वाचली,
मग बाहेर पळाला, अनवाणीच.

संध्याकाळी क्लोन पुसला.
स्क्रिप्ट सुटली, मिनिटभरात अठरा दिवस गेले,
डिस्क एकसष्टवर आली, पंख्याचा आवाज तोच.
अहवालात कारण लिहिलं: माझा निष्काळजीपणा.
फायदा कुठे लिहायचा, तो रकाना नव्हता.
त्या एका बुधवारवर रोखून ठेवण्याची खूण केली.
यंत्राने विचारलं, कधीपर्यंत?
आमच्याकडे ठेवीलासुद्धा मुदत लागते.
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.

घरी आले तर पिंपात हातभर पाणी.
इरव्वा कठड्यावरून म्हणाल्या,
"उद्या पाणी हाय. ओतलं न्हाईस अजून?"
म्हटलं, सकाळी बघू.