वरचं बटण

उजनी मायनस बावीसला गेली त्या आठवड्यात
इंजिनाचा टिल्ट बसला.
वरचं बटण दाबलं, आतून नुसतं टक्.
खालचं दाबलं, टक्.
चाळीस हॉर्सचं धूड बोटीच्या पाठीला लोंबकळत,
पातं चिखलात,
आणि वांगीच्या अंगाला पाणी मांडीएवढं.
बुडालेल्या बाभळींचे खुंट वर आलेले,
विहिरींचे कठडे,
कुणाच्या तरी गोठ्याचं जोतं.
तिथून जायचं तर इंजिनानं पाय उचलायलाच हवा.
मी आणि गहिनी दोरी लावून उचलायचो,
तो हू म्हणायचा, मी चू म्हणायचो.

पुण्याहून नवा रिले मागवला. चार हजार दोनशे.
बसवला. टक्.

मग सोलापुरातून सत्यम कोंडा आले,
एसटीनं, मांडीवर मीटर,
मीटरला जुन्या चादरीचा तुकडा गुंडाळलेला.
तीस वर्षं माग दुरुस्त केले, आता मिळेल ते.
आल्या आल्या हात लावला नाही.
म्हणाले, दाब.
टक्.
परत दाब.
डोळे मिटून ऐकलं, जणू आत कुणी बोलतंय.
"बटण जिवंत आहे, रिलेही.
नवा कशाला आणला ओ?"

निळी वायर वर नेते, हिरवी खाली आणते,
काळी कुठेच नेत नाही,
सगळं तिच्यावरच चालतं.
काळीच्या टोकाला हिरवट मीठ साचलेलं.
कानसनं घासलं, बोल्ट आवळला,
आता दाब.

घुर्रर्र.

गहिनी ओरडला, चालू झालं!
पंप फिरत होता. इंजिन जागचं हललं नाही.
कोंडांनी टाकीचं झाकण उघडून तेल बोटावर घेतलं,
उन्हात धरलं. दुधाळ नव्हतं.
पाणी गेलं नव्हतं आत.

"मागाचं बरं असतं," ते म्हणाले,
"धागा तुटला की आपण होऊन थांबतो.
हे फिरत राहतं, उचलत नाही,
आणि काय तुटलंय ते सांगत नाही."
मग माझ्याकडे न बघता,
"रिव्हर्स टाकला की इंजिन उसळतं का?"
उसळतं थोडं.
"कधीपासून?"

कंसाच्या बाजूला एक भोक आहे,
भोकात एक पेच.
हातानं इंजिन उचलायचं तर तो सैल करायचा
आणि नंतर आवळायचा.
पेचाच्या खाचेत ताजा, चकचकीत ओरखडा.
बॅटरी मेली होती एप्रिलात,
त्या दुपारी मी
चिलापीच्या टोपल्या उतरवायच्या घाईत…

"कुणी सोडला होता?"

पोरानं असेल, मी म्हणालो.

गहिनीनं माझ्याकडे बघितलं.
मग पाण्याकडे.
एप्रिलात तो करमाळ्याला होता, दहावीच्या क्लासला,
हे त्याला माहीत, मला माहीत,
कोंडांना माहीत असायचं कारण नाही.
त्यांनी दीड पीळ आवळला,
आणि म्हणाले, दाब.

इंजिन उठलं.
सावकाश, पाणी गाळत,
पात्यावर शेवाळाची एक लड घेऊन
म्हातारा बैल उठावा तसं.
वर जाऊन थांबलं. खाली घसरलं नाही.
आम्ही पाच मिनिटं बघत राहिलो. तरी नाही घसरलं.

पाचशे घेतले. दोन चिलाप्या कागदात बांधून दिल्या.
एसटीत चढताना गहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
"पेचाचं लक्षात ठेव."
तो हो म्हणाला.
माझं हो त्यानं म्हटलं.

परतताना खुंटांच्या पट्ट्यात पोचलो.
सुकाणू मी त्याच्या हातात दिलं,
अंगठा बटणावर कुठे ठेवायचा ते दाखवायला गेलो.
माहीत आहे, तो म्हणाला.
इंजिननं पाय उचलला,
खालून गोठ्याचं जोतं सरकत गेलं,
हातभर अंतरावरून.

मी बोलणार होतो.
पंपाच्या आवाजात जमलं असतं.