पॅरिशचा रकाना

नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख,
इथवर पेन सरळ चाललं.
मग आला रकाना: पॅरिश.
त्याखाली: बाप्तिस्म्याची तारीख.
खिडकीतली सिस्टर वर न बघता म्हणाली,
नसेल तर रेघ मारा.

मी रेघ मारली.
वीस वर्षं कापडावर खडूनं रेघा ओढतेय,
एकही इतकी वाकडी आली नव्हती.

कॅम्पातल्या निम्म्या मुलींचे खांदे मला पाठ आहेत.
पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक
वडगावात माझ्याच मशीनवर शिवून तिकडे जातात.
सॅटिन, वर नेट, कमरेला बो,
आणि आत, कुणाला दिसत नाही तिथं, दोन बोटं मार्जिन,
कारण मुली वाढतात
आणि त्यांना धाकट्या बहिणी असतात.
सोझाबाई ट्रायलला आल्या की विचारते,
प्रसाद घेताना हात किती वर जातो? काखेत ढिलं ठेवू?
एवढंच माझं धर्मज्ञान.

मृण्मयीला आठवीच्या त्या खास तुकडीत जायचंय.
चाळीस जागा, त्यातल्या पंचवीस आधी त्यांच्या लेकरांना.
बरोबरच आहे, घर त्यांचं.
आमच्या गल्लीतल्या देवळाच्या कमिटीत
आम्ही तरी कुणाला घेतो?

नणंद म्हणाली, "तिथं जाऊन येशूची गाणी म्हणंल की पोरगी."
"म्हणू दे की. आवाज तरी सुटंल."
तिच्या मराठी शाळेत यंदा सातवीला नऊ पोरं उरलीत.
बाई तक्रार करत नाहीत.
हजेरी लवकर संपते, एवढंच म्हणतात.

नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं.
दाखल्यावर मृण्मयी,
आधारवर कन्नडातून इंग्रजीत जाताना मुरणमई,
रेशनकार्डावर नुसतीच मयी.
कोर्टासमोर अ‍ॅफिडेव्हिट करणारा टायपिस्ट म्हणाला,
"मावशी, आता चौथं तरी पाडू नका."

मुलाखतीला टिकली लावायची की नाही
यात पहाटेचा अर्धा तास गेला.
मी डबी उघडत होते, मिटत होते.
शेवटी तिनंच आरशात बघून बारीकशी लावली.
"नसली की कपाळ दुसऱ्याचं वाटतंय."

फादरांनी आधी इंग्रजीत विचारलं,
मग माझ्याकडे बघून कोकणी वळणाच्या मराठीत:
हीच शाळा कशाला?
मी पाठ करून आले होते, शिस्त, संस्कार, इंग्रजी,
कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं लिहून दिलेलं.
माझं तोंड उघडायच्या आत पोरगी बोलली,
"तुमच्याकडं मायक्रोस्कोप हाय म्हणे.
आईच्या भिंगातनं सुताचे केस दिसतात.
केसाच्या आत काय असतंय, बघायचंय."

फादर हसले नाहीत. चष्मा काढून पुसला.
माझ्या वाकड्या रेघेवर त्यांचं बोट थांबलं.
"हिचं नाव कुणी ठेवलं?"
आत्यानं, म्हटलं, बारशाला, कानात.
"कानात," ते म्हणाले,
आणि पेन्सिलीनं बाजूला काहीतरी लिहिलं.
उलट्या बाजूनं मला ते वाचता आलं नाही.

यादी सोमवारी लागणार, काचेच्या फळ्यात.
सोझाबाईंच्या नातीचा फ्रॉक त्याआधी, शनिवारी द्यायचाय.

काल घेर उलटा करून हेम घालत होते.
मृण्मयी शेजारी भिंग घेऊन बसलेली.
"आई, पांढऱ्यात निळं सूत आहे गं एक."
बघितलं. होतं.
गिरणीतूनच विणून आलेलं,
ओढलं असतं तर चुणी पडली असती.
"राहू दे," म्हटलं,
आणि सुई पुढे घातली.