एक मिनिट पन्नास

पहाटे तीनच्या सुमाराला वाटलं,
स्वयंपाकघरात कुणी भांडी पाडतंय.
हाल्लाचा पाय पाण्याच्या वाडग्यावर आपटत होता,
वाडगा भट्टीच्या लोखंडी दारावर.
तेरा वर्षांची कुत्री, एका डोळ्यात मोतीबिंदू,
चटईवर आडवी पडून चारी पायांनी
पळत होती जागच्या जागी
कुठल्याशा बर्फातून.
तोंडाला फेस. डोळे टक्क उघडे,
त्यांत आम्ही दोघंही नव्हतो.

तौनोनं फळीवरचा लाकडी चमचा उचलला.
त्याच्या आजोबांना फिट यायची
तेव्हा घरात हेच करायचे:
दातांत चमचा, छातीवर दोन माणसं.
मी ओरडले.
सेहेचाळीस वर्षांच्या संसारात इतकी कधी ओरडले नव्हते.
तिच्या तोंडात काही घालू नकोस!

तो थांबला. चमचा हातात तसाच.
मग पायानं स्टूल सरकवलं, सरपणाची पेटी ओढली,
मोठा दिवा मालवला.
मी टॉवेलची घडी तिच्या डोक्याशी सारली.
करण्यासारखं एवढंच होतं.
बाकी सगळं न करायचं होतं,
आणि हात तर दोघांचे
मिळून चार.

कायानीच्या डॉक्टरीणबाई फोनवर झोपेतच म्हणाल्या, किती वेळ चाललं?
मी म्हटलं, तास. तासभर तरी.
"एक मिनिट पन्नास," मागून तौनो.
गावच्या स्की शर्यतींत तीस वर्षं वेळ मोजलेला माणूस,
खिळ्यावरचं स्टॉपवॉच कधी काढलं, कधी दाबलं,
त्याचं त्यालाही ठाऊक नाही.
पाच मिनिटांपुढे गेलं, किंवा आज पुन्हा आलं,
तर तसेच निघा, त्या म्हणाल्या.
नाहीतर सकाळी आणा, रक्त तपासू.
या वयात पहिल्यांदाच म्हणजे,
आणि पुढे फोनवर नुसता त्यांच्या किटलीचा आवाज.

हाल्ला उठली. ओली, झोकांड्या खात
कोपऱ्यात गेली, भिंतीला डोकं लावून उभी राहिली,
वळली, आणि तौनोवर गुरगुरली.
ज्याच्या ताटातल्या माशांच्या डोक्यांवर वाढली
त्या तौनोवर.

तो लांबच खाली बसला, गुडघे कुरकुरले.
नव्या शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला,
मी तौनो.
तू इथंच राहतेस. ही तुझी चटई.
ती मघाशी ओरडली ती हिल्का,
तशी बरी आहे.

तिनं आधी चमचा हुंगला.
बऱ्याच वेळानं, त्याची बोटं.
मग वाडगाभर पाणी प्यायली, जेवण मागितलं,
जेवली, पुन्हा मागितलं.

कॅलेंडरवर, सरपणवाल्याच्या नावाखाली, मी लिहिलं:
तीन दहा. एक मिनिट पन्नास.
त्यापुढचे चौकोन मी बघितले नाहीत.
तौनो स्टॉपवॉच शून्यावर आणायला गेला.
म्हटलं, राहू दे रे आजच्या दिवस.
बाहेर उजाडायला
अजून सहा तास होते.